सर्वांत जास्त पाहिलेला प्रसंग

विश्रांतवाडीच्या चौकात खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर विश्वजीतचा चेहरा चांगला चार फूट रुंद झाला होता. कुणीतरी त्याच्या टकलावर संगणकातून भगवा फेटा चढवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'साता समुद्रापार महाराष्ट्राचा डंका वाजवणारे ब्रिटनचे विनोदसम्राट आपल्या मायभूमीत, सहर्ष स्वागत'. डाव्या कोपऱ्यात हात जोडून उभा असलेला त्याचा चुलत भाऊ विक्रम जवळजवळ तेवढाच मोठा होता. यंदा महापालिकेचं तिकीट मिळवायचंच असं विक्रमनं ठरवलं होतं आणि तिकीट मागायला रिकाम्या हातानं जाता येत नाही. हाताशी दुसरं काही नव्हतं, विलायतेतला भाऊ होता.

सिग्नलला रिक्षा थांबली तशी विश्वजीतनं मान खाली घातली. रिक्षावाल्यानं एकदा आरशातून त्याच्याकडे, एकदा फ्लेक्सकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच का ते?" विश्वजीत हो म्हणाला. रिक्षावाला "बरं" म्हणाला आणि गिअर टाकला. पुण्यात सम्राटांच्या वाट्याला एवढंच येतं.

आता हा सम्राट कशाचा, ते सांगितलं पाहिजे. विश्वजीतची आई तो रांगत असताना गेली. बाप रणजित इंजिनांच्या कारखान्यात फिटर होता. कंपनीनं त्याला इंग्लंडला पाठवलं आणि तो तिकडेच राहिला. पोर राहिलं थोरल्या भावाकडे, म्हणजे आप्पासाहेबांकडे, आणि खरं सांगायचं तर आप्पासाहेबांच्या बायकोकडे. सोजरबाईंनी त्याला स्वतःच्या विक्रमच्या आधी जेवायला वाढलं आणि विक्रमच्या आधी मारलंही. अकरा वर्षांचा झाल्यावर बापानं त्याला कॉव्हेंट्रीला नेलं. तिथं त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं, की आपण बोललो की लोक हसतात. हसू आपल्यावर येण्याआधी आपणच ते काढायचं, हेही लवकरच कळलं. या शहाणपणावर पुढं त्याचा संसार उभा राहिला.

कॉलेज संपल्यावर तो रेडिओसाठी एकेका ओळीचे विनोद लिहू लागला. एका खोलीत सात-आठ गोरे लेखक आणि हा एकटा सावळा. त्यानं स्वतःवर केलेले विनोद कुणाला फारसे रुचत नव्हते. एका दुपारी कंटाळून त्यानं, एका हिवाळ्यात कॉव्हेंट्रीला येऊन राहिलेल्या आपल्या काकीची नक्कल केली. ती दुकानात कशी भाव करायची, पोस्टमनला कशी पाणी विचारायची, हीटरला हात लावून कशी नमस्कार करायची. खोलीतले सगळे गडाबडा लोळले. त्या दिवसापासून त्याला काम कमी पडलं नाही. पुढं दूरचित्रवाणीवर त्याची मालिका आली. खेड्यातून आलेली एक आंटी पुतण्याच्या घरी मुक्काम ठोकते आणि हलायचं नाव घेत नाही, एवढीच तिची गोष्ट. मालिकेचं इंग्रजी नाव विक्रमला कधी धड म्हणता आलं नाही. तो 'आंटीची सिरियल' म्हणायचा, आपणही तेच म्हणू. ती सहा वर्षं चालली, तिला बक्षिसं मिळाली, विश्वजीतनं लंडनला घर घेतलं.

मग वारा फिरला. तिकडच्याच आपल्या नव्या पोरापोरींनी लेख लिहिले, की या मालिकेमुळे शाळेत आम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं. जुने भाग दाखवताना आधी एक सावधगिरीची पाटी येऊ लागली. मुलाखतींत विश्वजीतचं उत्तर ठरलेलं असे. म्हणायचा, अहो, ही तर मला वाढवणाऱ्या बाईची गोष्ट आहे, प्रेमानं लिहिलेली. मी तिला सगळे भाग दाखवले, ती पोट धरधरून हसली. असं तो इतक्या वेळा म्हणाला, की ते त्याला अर्धंमुर्धं आठवायलाही लागलं होतं. सोजरबाईंनी त्या मालिकेचा एक तुकडाही पाहिलेला नव्हता.

धानोरीच्या अंगाला जिथं घरची शेती होती तिथं आता सात मजली इमारत होती. विक्रमनं तिचं नाव 'सोजराई रेसिडेन्सी' ठेवलं होतं. पहिल्या मजल्यावर सोजरबाई पुतण्याची वाट बघत होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, किती वाळलास रं. विश्वजीतचं पोट तोवर पट्ट्याच्या वरून बाहेर आलं होतं. जेवताना त्यांनी विचारलं, तिकडं नेमकं काय लिवतोस तू? तो म्हणाला, लोकांना हसवायचं काम आहे. "मंग ब्येस हाय," त्या म्हणाल्या, "रडवनारं लई हायेत." आणि त्याच्या पानात आणखी एक भाकरी आली. घास त्याच्या तोंडात फिरत राहिला.

संध्याकाळी विक्रमनं सत्काराचा बेत सांगितला. आळंदी रोडवरचं मंगल कार्यालय ठरलं होतं. सगळी भावकी, वॉर्डातली मंडळी, दोन पत्रकार, पक्षाचे एक नेते. फेटे, शाल, श्रीफळ, मग मोठ्या पडद्यावर सिरियलचा एक तुकडा आणि शेवटी सत्कारमूर्तींचं भाषण. आणि शाल पुतण्याच्या अंगावर घालणार खुद्द सोजरबाई, कारण आईच्या हातची शाल लोकांच्या काळजाला भिडते.

"कोणता तुकडा?" विश्वजीतनं विचारलं.

"आता मला कुठं इंग्लिश कळतं, दादा," विक्रम म्हणाला. "मी नेटवर बघितलं, ज्याला सगळ्यात जास्त व्ह्यूज हायेत तो घेतला. चाळीस लाख हायेत. बसमधला. त्यात तर बोलनं पन नाय, समद्यांना कळंल."

विश्वजीतनं त्या तुकड्याचे हक्क चॅनेलकडे असल्याचं सांगितलं. विक्रम हसला आणि म्हणाला, विश्रांतवाडीत कोण येतंय बघायला. मग विश्वजीतनं स्वयंपाकघरातला प्रसंग सुचवला, तो जास्त विनोदी आहे म्हणाला. त्याला किती व्ह्यूज आहेत, असं विक्रमनं विचारलं. अडीच लाख. विक्रमनं फेट्यांचा विषय काढला.

तो बसमधला प्रसंग असा होता. आंटी एकटीच शहराच्या बसमध्ये चढते. तिला लघवी लागलेली असते, बस कुठं थांबवायची ते माहीत नसतं, विचारता येत नाही, आणि व्हायचं ते सीटवर होतं. मग ती उठतच नाही. तिचा स्टॉप येतो आणि जातो, बस शहराला तीन फेऱ्या मारते, ड्रायव्हर बदलतो, आणि आंटी जागच्या जागी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चिवडा वाटत राहते, म्हणजे कुणी सीटकडे बघू नये. शेवटी पोलीस येतो, त्यालाही चिवडा. लेखकांच्या खोलीत तेव्हा वाद झाला होता, की बाई आपल्या स्टॉपवर उतरून का जात नाही? काही कारण नको का? विश्वजीत म्हणाला होता, कारण काही नाही, ती तशीच आहे. यावर सगळे पुन्हा हसले होते आणि कारणाचा प्रश्न तिथंच मिटला होता.

हे सगळं घडलेलं होतं, फक्त चिवडा नव्हता. रणजित शेवटच्या दुखण्यात इस्पितळात होता. दीर परक्या देशात एकटा मरू नये म्हणून सोजरबाई त्या हिवाळ्यात कॉव्हेंट्रीला गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या, ते एकट्याच. नऊवारीवर दिराचा ओव्हरकोट घालून रोज इस्पितळात जायच्या, दिवसभर उशाशी बसायच्या. संडासाच्या दारांवरची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती आणि भलत्याच दारात शिरण्याची भीती वाटायची, म्हणून तहान मारून बसायच्या. एका संध्याकाळी परतताना बर्फात बस रखडली आणि ते झालं.

त्याच बसमध्ये वरच्या मजल्यावर विश्वजीत होता. एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या तीन मित्रांबरोबर. त्यांना त्यानं कधी घरी नेलं नव्हतं. स्टॉप जवळ आला तसे ते जिना उतरून खाली आले आणि त्याला जिन्यापाशीच्या सीटवर काकी दिसली, आणि सीटखालचं ओलंही दिसलं. एका मित्रानं नाक दाबलं, दुसरा काहीतरी बोलला, सगळे हसले. विश्वजीतही हसला. मग दार उघडलं आणि तो त्यांच्याबरोबर उतरून गेला. बस काकीला घेऊन पुढं निघून गेली.

ती घरी आली ती चालत, बऱ्याच उशिरानं. डेपोपासून रस्ता शोधत आली होती. आंघोळ केली, लुगडं धुऊन हीटरवर वाळत टाकलं, आणि त्याच्यासाठी पिठलं टाकता टाकता पाठमोरीच सगळं सांगितलं. म्हणाली, बाबा, आज माझी लाज गेली, पर हे कुनाला सांगू नगंस, तुझ्या काकालाबी न्हाई. त्यानं गळ्याशी हात नेऊन शपथ घेतली. आपण तिथं होतो, हे तो बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून दीर जाईपर्यंत ती इस्पितळात चालत गेली.

म्हणजे शपथ मोडून चाळीस लाख लोकांना सांगितलेली गोष्ट आता ज्यांच्यापासून लपवायची होती नेमक्या त्यांच्यासमोर लागणार होती, आणि तीही तिला स्टेजवर बसवून. ते थांबवायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण सांगायचं तर तोंड उघडावं लागणार होतं. विश्वजीत रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

सकाळी विक्रमची मुलगी उत्कर्षा त्याच्यासाठी चहा घेऊन आली. खराडीच्या एका आयटी कंपनीत ती नोकरीला होती आणि घरात मालिका पाहिलेली ती एकटीच. कप ठेवून ती जाईना.

"काका, एक विचारू? ती बसवाली बाई... टोटली फिक्शन आहे ना? कारण आजी कॉव्हेंट्रीला जाऊन आलीये, आणि त्या बाईच्या अंगावरचा तो कोट जुन्या अल्बममध्ये आजीच्या अंगावर आहे. तसं काही असेल तर सांगा. मी पप्पांना हँडल करते, तो व्हिडिओ लागणारच नाही."

याहून सोपी सुटका कुणाला मिळत नाही. एक शब्द बोलायचा होता, तोही भल्या माणसापाशी. पण तिची नजर इतकी सरळ होती, की तिला ती गोष्ट सांगितल्यावर ती आपल्याकडे कशी बघेल हे त्याला आत्ताच दिसलं.

"फिक्शनच गं," तो म्हणाला. "सगळं बनवलेलं असतं."

"ओके," ती म्हणाली. "मग ठीके." थोडा वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग ऑफिसला गेली.

दुपारी तो सोजरबाईंजवळ जाऊन बसला. त्या मेथी निवडत होत्या. त्यानंही दोन काड्या हातात घेतल्या. म्हणाला, काकी, उद्या ते माझ्या कामातला एक प्रसंग दाखवणार आहेत. त्या म्हणाल्या, दाखवू द्या की. तो म्हणाला, त्यात एक बाई आहे. त्या म्हणाल्या, आसंल. त्यानं घसा खाकरला, आणि तेवढ्यात फेटेवाला डोक्याचं माप घ्यायला आला. देव पावावा तसा तो उठला. माप देताना त्याला स्वतःची शिसारी आली, पण तो पुन्हा मेथीपाशी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत आप्पासाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, त्यांच्या मागं भावकीतले पुरुष आणि डाव्या बाजूला बायका. स्टेजवर नेते, विक्रम, विश्वजीत आणि नवं हिरवं इरकली नेसलेल्या सोजरबाई. निवेदकानं विनोदाचं महत्त्व सांगण्यात बराच वेळ घालवला. त्याच्या बोलण्यात विनोद एकही नव्हता. सोजरबाईंनी पुतण्याच्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला आणि शालीचा काठ नीट केला, शाळेत पाठवताना सदऱ्याची कॉलर करायच्या तसा. दिवे मंद झाले आणि पडदा उजळला.

पडद्यावर बस आली. ओव्हरकोट घातलेली आंटी चढली. पहिला हशा तिथंच पिकला. पुढं काय झालं ते सांगायला भाषा लागत नव्हती. ती अवघडून बसली, इकडंतिकडं बघू लागली, तिचा चेहरा पालटला, आणि कॅमेरा हळूच सीटखाली गेला. अख्खं कार्यालय हसलं. पुरुष मांड्यांवर थापा मारत होते, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आप्पासाहेबही हसले. नेत्यांनी डोळे पुसले. विश्वजीतला हयातभर ज्या आवाजाची भूक होती तो हाच आवाज, आणि आता तो थांबावा म्हणून त्यानं ओठ चावून धरले होते. काकीकडे बघायचं धाडस त्याला कितीतरी वेळ झालं नाही.

शेवटी त्यानं पाहिलं. सोजरबाई पडद्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. गर्दीच्या रस्त्यात आपलंच काहीतरी पडलेलं दिसावं आणि लोकांसमोर वाकून उचलता येऊ नये, तशा त्या बसल्या होत्या.

दिवे लागले. निवेदक माइक घेऊन थेट त्यांच्याकडे गेला. म्हणाला, मातोश्री, खरं सांगा, या आंटीत आम्हाला तुमचीच छबी दिसते. ही बाई तुम्हीच का? लोक पुढं सरसावून बसले. बायकांच्या बाजूला उभ्या असलेल्या उत्कर्षाच्या हातातला मोबाइल खाली आला.

सोजरबाईंनी माइक असा धरला, की जणू त्या तो नेहमीच धरत आल्या आहेत. "मी कशाला आसंन?" त्या म्हणाल्या. "मला येक हाक मारली तर सात गल्ल्यांत ऐकू जातंय. मी बस थांबिवली नसती व्हय? ही कोन येडी हाय, द्येव जाने. पर ह्येनं लिवलंय मातर झ्याक."

हशा आणि टाळ्या. सोजरबाईंनी माइक परत दिला आणि हात मांडीवर ठेवले. संपलं होतं. कुणालाही काही कळलं नव्हतं आणि आता कळणारही नव्हतं. तिनं स्वतःलाच वेडी ठरवून स्वतःला वाचवलं होतं आणि त्यालाही. विश्वजीतनं उठून दोन ओळींत आभार मानले असते आणि खाली बसला असता, तर आपल्याला पुढं काही सांगायला उरलं नसतं.

पण त्यानं उठून माइक हातात घेतला. इतकी वर्षं ही बाई त्याला न मागताच माफ करत आली, आणि आज खोटंही तिनंच बोलावं? आता तरी आपण खरं बोललं पाहिजे, असं त्याला मनापासून वाटलं. आणि मनापासूनच्या जरा खाली आणखी एक गोष्ट होती. तो लेखक होता. सभा कधी हातात येते, हे त्याला कळत होतं, आणि ही सभा आत्ता आली होती.

"काकी खोटं बोलली," तो म्हणाला. "ती बाई हीच आहे. हे तिच्याबरोबर खरंच घडलंय. माझे वडील मरणाला टेकले होते, त्यांची सेवा करायला ती परमुलखात आली होती. इस्पितळातून येताना बसमध्ये हे झालं. तिनं मला शपथ घातली होती, की कुणाला सांगू नकोस. मी ती शपथ मोडली, जगाला हसवलं आणि त्यावर घर बांधलं. आज तुमच्यासमोर मी तिची माफी मागतो."

त्यानं खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. नेते उठून उभे राहिले, मग सगळेच उठले. टाळ्यांचा कडकडाट झाला, पत्रकार फोटो घेत पुढं आले, विक्रमचे डोळे खरोखरच भरून आले. विश्वजीतला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, की कपाळाखालचे पाय मागं ओढले जातायत.

त्यानं वर पाहिलं. सगळं कार्यालय आता पडद्याकडे नाही, सोजरबाईंकडे बघत होतं. बायकांच्या रांगेत कुणी कुणाच्या कानाला लागलं, आणि दोघीतिघी एकदम खाली बघू लागल्या, हसू दाबताना बघतात तशा. ज्या बायकांत तिनं सुना आणल्या, भांडणं मिटवली, बाळंतपणं केली, त्या बायका तिच्या नव्या इरकलीकडे बघत होत्या. पहिल्या रांगेत आप्पासाहेब एकटेच बसून होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. पन्नासच्या वर वर्षं संसार केलेल्या बायकोकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि मग काठी टेकत जेवणाच्या मंडपाकडे न जाता फाटकाकडे निघाले.

परतीच्या गाडीत सोजरबाई पुढच्या सीटवर बसल्या. उत्कर्षा मागं विश्वजीतच्या शेजारी होती, पण सगळा रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी पोचतात तोच भावकीतल्या चार बाया दारात हजर झाल्या. सांत्वनाला आल्या होत्या म्हणे. "आगं, यवढं झालं आन कंदी बोलली न्हाईस?" एकीनं विचारलं, आणि दुसरीनं विचारलं, मग घरापत्तूर तशीच आलीस का गं, भिजल्या लुगड्यानं? सोजरबाई त्यांच्यासाठी चहा ठेवायला सांगून आतल्या खोलीत गेल्या.

विश्वजीत मागोमाग गेला. त्या पलंगावर बसून हातातल्या पाटल्या उतरवत होत्या. तो जमिनीवर बसला. काकी, चुकलो, तो म्हणाला. मला वाटलं, आता खरं सांगावं. तुझ्यावर अन्याय झाला होता, तो सगळ्यांना कळावा.

"कळला की," त्या म्हणाल्या. "समद्यास्नी कळला. तुझ्या काकालाबी कळला."

त्यानं मान खाली घातली. बाहेर कपबशा वाजत होत्या.

"समदं सांगितलंस तू त्या माइकवर," सोजरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्या दमल्या होत्या. "तू त्या बसमंदी व्हतास, त्येवढं ऱ्हायलं."

विश्वजीतनं झटकन मान वर केली.

"मी तुला बगितलं व्हतं. जिना उतरून तू त्या पोरांसंगं हुबा व्हतास, माझ्याम्होरंच. माझा स्टॉप त्योच व्हता. मी उटलेबी व्हते अर्धी. मंग म्हनलं, आता आपुन खाली उतरलो तर पोराला म्हनावं लागंल, ही माझी हाय म्हनून. अशी भिजल्याली. म्हनून बसले परत." पाटल्या त्यांनी उशाखाली ठेवल्या. "तुला तोंड दाखवावं लागू नगं म्हनून घरी येऊनबी मी तुज्याकडं पाट करून सांगितलं. वाटलं, आता बोलंल. आता बोलंल. तू शप्पत घेतलीस."

इतकी वर्षं, सगळ्या इंग्लंडभर, ती बाई सीटवरून उठत का नाही यावर लोक हसले होते. कारण काही नाही, ती तशीच आहे, असं त्यानं स्वतः सांगितलं होतं. तोंड लपवायला त्या खोलीत जागा नव्हती. तो तिच्या पायांशी बसून राहिला आणि त्याला साधं रडूही येईना, कारण रडणं म्हणजेसुद्धा तिच्याकडे आणखी काहीतरी मागणं होतं.

दारावर टकटक झाली. विक्रम बाहेरून म्हणाला, दादा, चल लवकर, पत्रकार आलेत, तुझ्या माफीचा व्हिडिओ सगळीकडं फिरतोय, लोक म्हणतायत असा दिलदार माणूस बघितला नाही. त्यांना तुझ्याशी दोन शब्द बोलायचेत.

विश्वजीत उभा राहिला. आता जायचं आणि उरलेलं सांगायचं, असं त्यानं मनाशी म्हटलं. मी त्या बसमध्ये होतो, मी हसलो, मी उतरून गेलो. तीन वाक्यं होती. सोजरबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना ते वाचता आलं. त्याच्या लहानपणापासून त्यांना ते येत होतंच.

"नगं," त्या म्हणाल्या. "ते नगं सांगू आता. माझं व्हायचं ते झालं. तुझं तरी झाकून ऱ्हाऊ दे. जा."

तो बाहेर गेला. पत्रकारांनी माइक पुढं केले, उत्कर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, आणि विश्वजीत आईच्या मायेबद्दल चांगलं बोलला. ती तीन वाक्यं त्यानं सांगितली नाहीत. आणि काकीनं नको म्हटलं तेव्हा, खरं बोलायचं तर, त्याला हायसं वाटलं होतं.